ईपीसी सारखा घसरतो किंवा शून्यावरच अडकतो: बिघाड नेमका कुठे आहे हे कसं शोधायचं

अफिलिएट मार्केटिंगमध्ये, म्हणजे लेखात विक्रेत्याच्या वस्तूंच्या लिंक देऊन विक्रीवर कमिशन मिळवण्यात, डॅशबोर्डवर क्लिक वाढत जातात आणि ईपीसी (एका क्लिकमागची सरासरी कमाई) मात्र खाली खाली येत राहतो. किंवा दोनशे क्लिक होऊनही कमाईच्या रकान्यात शून्यच दिसतं. अशा वेळी नवखे लोक बहुतेकदा प्रोग्राम, म्हणजे कमिशन देणाऱ्या कंपनीची योजना, बदलतात. नव्या प्रोग्रामवर दीड-दोन महिन्यांत तीच तक्रार उभी राहते, पुन्हा प्रोग्राम बदलला जातो, आणि दर वेळी जमलेला डेटा वाया जातो. तक्रार पुन्हा पुन्हा येते, कारण ईपीसी हा कमाई भागिले क्लिक असा भागाकार आहे. वरची संख्या घटली तरी तो पडतो, खालची फुगली तरी पडतो, आणि दोन्ही जागेवर असताना हिशेबाचा काळ चुकीचा धरला तरी पडलेला दिसतो. यातलं काय घडलंय हे कळण्याआधी केलेला कुठलाही बदल अंदाजपंचेच असतो.

आधी आकड्याची फोड करा

ईपीसी म्हणजे एका क्लिकमागची सरासरी कमाई. समजा महिन्यात १,२५० क्लिक गेले, २० ऑर्डर झाल्या आणि दर ऑर्डरला १२.५० डॉलर कमिशन मिळालं. एकूण कमिशन २५० डॉलर. त्याला १,२५० ने भागलं की ईपीसी येतो ०.२० डॉलर.

हाच आकडा दुसऱ्या वाटेनेही काढता येतो. १,२५० क्लिकमागे २० ऑर्डर म्हणजे कन्व्हर्जन रेट १.६ टक्के. १.६ टक्के गुणिले १२.५० म्हणजे पुन्हा ०.२०. बिघाड शोधताना ही दुसरी वाट जास्त उपयोगाची, कारण घसरण ऑर्डरमध्ये आहे की कमिशनमध्ये, हे तिच्यातून लगेच दिसतं. यात तिसरा गुणक राहतो तो मंजुरीचा. नोंदलेल्या कमिशनपैकी ८० टक्केच शेवटी मंजूर होत असेल, तर हातात पडणारा ईपीसी ०.१६ आहे, ०.२० नाही.

एक साधी शीट ठेवा. दर महिन्याला पाच रकाने: क्लिक, ऑर्डर, दर ऑर्डरमागचं सरासरी कमिशन, मंजुरीचं प्रमाण आणि ईपीसी. घसरण दिसली की आधीच्या चार रकान्यांतला कुठला हलला ते पाहा. क्लिक दुप्पट झाले पण ऑर्डर तेवढ्याच राहिल्या, तर बॉट (आपोआप क्लिक करणारी यंत्रं) किंवा वाहतुकीचं मिश्रण (कुठून किती वाचक येतात ते) तपासायचं. क्लिक तेवढेच पण ऑर्डर निम्म्या झाल्या, तर ट्रॅकिंग (क्लिक आणि विक्री तुमच्या नावावर जोडणारी नोंद) किंवा विक्रेत्याचं पान. ऑर्डर तेवढ्याच पण कमिशन घटलं, तर दर बदललेत किंवा लोक स्वस्त वस्तू घेतायत. एवढं पाहिलं की तपासायच्या बऱ्याच गोष्टी आपोआप गळून पडतात.

तुलना तरी बरोबर होतेय का?

नेटवर्कवर, म्हणजे अनेक कंपन्यांचे प्रोग्राम एकत्र चालवणाऱ्या सेवेवर, एखाद्या प्रोग्रामसमोर ‘ईपीसी २५’ दिसतो आणि स्वतःचा ०.२० पाहून धक्का बसतो. सीजे (पूर्वीचं कमिशन जंक्शन) हे नेटवर्क ईपीसी दर १०० क्लिकमागे दाखवतं. तिथला २५ म्हणजे एका क्लिकमागे ०.२५. बरीच दुसरी ठिकाणं एकाच क्लिकचा हिशेब दाखवतात. तेव्हा आकडा वाचण्याआधी त्याचं एकक बघायचं, आणि चलन कुठलं आहे तेही. एका शीटमध्ये डॉलर आणि युरो मिसळले तर विनिमय दर हलल्यानेसुद्धा ईपीसी हललेला दिसतो.

शिवाय नेटवर्कवर दिसणारा ईपीसी ही त्या प्रोग्रामच्या सगळ्या अफिलिएटांची मिळून सरासरी असते. त्यात कूपन साइट आणि कॅशबॅक साइटही असतात. तिथून जाणारा माणूस वस्तू कार्टमध्ये टाकून, शेवटच्या क्षणी सूट शोधायला आलेला असतो. त्याच्या क्लिकचा ईपीसी माहितीपर लेखातल्या क्लिकपेक्षा कितीतरी जास्त असणारच. तेव्हा त्या सरासरीला तुमचं उद्दिष्ट समजू नका. तिचा चांगला उपयोग वेगळा आहे. सीजेवर सात दिवसांचा आणि तीन महिन्यांचा असे दोन ईपीसी शेजारी शेजारी दिसतात. सात दिवसांचा आकडा तीन महिन्यांच्या आकड्यापेक्षा एकदम खाली असेल, तर त्या प्रोग्राममध्येच काहीतरी बिनसलंय किंवा हंगाम संपलाय, आणि तुमच्या पानावर दोष शोधत बसायची गरज नाही.

क्लिक कमी असताना शून्याला अर्थ नसतो

नवख्यांना सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट हीच, म्हणून इथे जरा थांबू.

कन्व्हर्जन रेट खरोखर १ टक्का असेल, तर १०० क्लिकनंतर एकही विक्री न होण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के आहे. म्हणजे सगळं व्यवस्थित चालू असलेल्या तीन लिंकपैकी एक पहिल्या शंभर क्लिकनंतर शून्यावर असू शकते. ३०० क्लिकपर्यंत ही शक्यता ५ टक्क्यांच्या आसपास येते. कुठल्याही दरासाठी लावता येईल असा ठोकताळा असा: तीनला अपेक्षित कन्व्हर्जन रेटने भागा. २ टक्के अपेक्षित असतील तर १५० क्लिक, १ टक्का असेल तर ३००, अर्धा टक्का असेल तर ६००. एवढे खरे क्लिक होऊनही विक्री शून्य असेल, तर मगच संशय घ्या. त्याआधी प्रोग्राम बदलणं म्हणजे निकाल लागण्याआधीच उत्तरपत्रिका फाडणं.

विक्री सुरू झाल्यावरही आकडा बराच काळ डळमळीतच असतो. ३० विक्रींवरून काढलेला ईपीसी नुसत्या योगायोगाने तिसऱ्या हिश्श्याएवढा वर-खाली होऊ शकतो, १०० विक्रींवरून काढलेला साधारण पाचव्या हिश्श्याएवढा. गेल्या महिन्यात ०.२० आणि या महिन्यात ०.१७, दोन्ही महिन्यांत विक्री वीस-बावीस, तर ही घसरण आहे असं म्हणायला काहीच आधार नाही.

महागड्या वस्तूंच्या बाबतीत आणखी एक सापळा आहे. ५०० क्लिकवर पाच ऑर्डर झाल्या, चारांवर ६ डॉलर आणि एकीवर ९६ डॉलर कमिशन मिळालं. एकूण १२० डॉलर, ईपीसी ०.२४. ती एक मोठी ऑर्डर बाजूला ठेवली तर तोच ईपीसी ०.०४८ होतो. पुढच्या महिन्यात तशी ऑर्डर आली नाही की घसरण झाल्यासारखं वाटतं, पण बिघडलेलं काहीच नसतं. शीटमध्ये सर्वांत मोठी ऑर्डर वगळून काढलेला ईपीसीही लिहीत जा. दोन्ही आकड्यांत मोठं अंतर असेल, तर महिन्याऐवजी तिमाहीचा हिशेब पाहा.

आजचे क्लिक, उद्याची विक्री

नेटवर्कचा रिपोर्ट सहसा या काळात नोंदलेल्या कमिशनला याच काळातल्या क्लिकने भागतो. पण या आठवड्यातल्या विक्रीतले काही लोक गेल्या आठवड्यात क्लिक करून गेलेले असतात, आणि या आठवड्यात क्लिक केलेले काही पुढच्या आठवड्यात खरेदी करणार असतात. वाहतूक स्थिर असेल तर हे एकमेकांत जिरून जातं. वाहतूक झपाट्याने वाढत असेल तर ईपीसी खरा आहे त्यापेक्षा कमी दिसतो, आणि वाहतूक आटत असेल तर उगाच चांगला दिसतो. एखादा लेख चालायला लागला की लगेच ‘ईपीसी पडला’ असं वाटतं त्यामागे बऱ्याचदा हेच असतं.

उपाय सोपा आहे. व्यवहारांच्या रिपोर्टमध्ये क्लिकची तारीख आणि विक्रीची तारीख असे दोन वेगळे रकाने मिळतात का बघा. सीजेवर आणि अविन या दुसऱ्या नेटवर्कवर मिळतात. दोन्हींतलं अंतर दिवसांत काढा, चढत्या क्रमाने लावा, आणि ९० टक्के विक्री किती दिवसांत उरकते ते पाहा. उत्तर नऊ दिवस आलं, तर गेल्या नऊ दिवसांतल्या क्लिकचा ईपीसी काढायचाच नाही. त्याआधीचे क्लिक घ्यायचे, आणि कमिशन विक्रीच्या तारखेने न मोजता क्लिकच्या तारखेने मोजायचं. दर महिन्याला हप्त्याहप्त्याने कमिशन देणाऱ्या सबस्क्रिप्शन प्रोग्रामसाठी तर ही पद्धत टाळताच येत नाही. तिथे जानेवारीच्या क्लिकची कमाई डिसेंबरपर्यंत येत राहते.

कुकीची, म्हणजे क्लिक तुमच्या लिंकवरून झाला हे ब्राउझरमध्ये जपणाऱ्या नोंदीची, मुदतही इथेच लक्षात घ्या. अमेझॉन असोसिएट्समध्ये ती २४ तासांची आहे. त्या वेळेत वस्तू कार्टमध्ये टाकली, तर पुढे ९० दिवसांपर्यंत ऑर्डर पूर्ण झाली तरी ती मोजली जाते. कमिशन मात्र वस्तू रवाना झाल्यावरच जमा होतं, म्हणून ऑर्डरचा दिवस आणि कमाईचा दिवस वेगळे दिसतात. दोन आठवडे विचार करून घ्यायच्या वस्तूला २४ तासांची कुकी अपुरी पडते, आणि अशा लिंकचा ईपीसी कमी असणं हा बिघाड नाही.

खालची संख्या फुगली असेल: माणसांचे नसलेले क्लिक

क्लिक अचानक वाढले आणि ऑर्डर जागेवरच राहिल्या, तर पहिला संशय यंत्रांवर घ्यायचा. वरच्याच उदाहरणात १,२५० पैकी ४०० क्लिक बॉटचे निघाले, तर खरा ईपीसी २५० भागिले ८५० म्हणजे ०.२९ होतो. लिंक चांगली चालत होती, मोजणीच चुकत होती.

असे क्लिक कुठून येतात? सर्च इंजिनांचे क्रॉलर लिंकमागून जातात. चॅट अॅपमध्ये लिंक टाकली की प्रीव्ह्यू बनवण्यासाठी ती आपोआप उघडली जाते. कार्यालयीन ईमेलवरचे सुरक्षा स्कॅनर मेलमधली प्रत्येक लिंक आधी स्वतः उघडून पाहतात. मेल पाठवल्यावर पहिल्या काही सेकंदांत क्लिकचा पाऊस पडत असेल तर ते वाचक नाहीत. आणि सहसा कुणाच्या लक्षात न येणारं कारण म्हणजे स्वतःच्याच साइटवरचं तुटक्या लिंक शोधणारं प्लगइन. ते दर काही दिवसांनी सगळ्या अफिलिएट लिंक उघडून बघतं आणि प्रत्येक वेळी क्लिक मोजला जाऊ शकतो. कर्सर लिंकवर नेताच पान आधीच आणून ठेवणारी, साइटचा वेग वाढवणारी साधनंही हाच गोंधळ घालतात, विशेषतः तुमच्या लिंक स्वतःच्याच डोमेनवरच्या ‘गो’सारख्या फोल्डरमधून पुढे जात असतील तर.

करायचं ते असं. अफिलिएट लिंक एका फोल्डरमधून फिरवत असाल, तर रोबोट्स फाइलमध्ये (बॉटनी कुठे जाऊ नये हे सांगणाऱ्या साइटवरच्या फाइलमध्ये) त्या फोल्डरला मनाई करा. लिंकच्या टॅगमध्ये रेल गुणधर्माला ‘स्पॉन्सर्ड’ आणि ‘नोफॉलो’ द्या. तुटक्या लिंकच्या प्लगइनमधून आणि आगाऊ पान आणणाऱ्या साधनातून तो फोल्डर वगळा. मेलमध्ये थेट अफिलिएट लिंक न देता स्वतःच्या लेखाची लिंक द्या. रोबोट्स फाइल फक्त शिस्तीचे बॉट पाळतात, बाकीच्यांसाठी सर्व्हरवर किंवा फायरवॉलमध्ये गाळणी लावावी लागते.

फोल्डरमधून लिंक पुढे पाठवताना ३०२ किंवा ३०७ रीडायरेक्ट (ब्राउझरला दुसऱ्या पत्त्यावर वळवणारा आदेश) वापरा, ३०१ नको. ३०१ कायमस्वरूपी मानला जातो, त्यामुळे ब्राउझर तो लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळी तुमच्या मोजणीला वळसा घालून थेट पुढे जातो. शिवाय लिंक बदललीत तरी जुन्या वाचकाला जुनंच पान उघडतं.

बॉट आहेत की नाहीत हे ओळखायला गूगल अॅनालिटिक्स ४ मधले बाहेर जाणारे क्लिक आणि नेटवर्कने मोजलेले क्लिक शेजारी ठेवा. दोन्ही कधीच जुळणार नाहीत, कारण अॅनालिटिक्स जाहिरात-रोधक वापरणारे आणि संमती न देणारे वाचक मोजत नाही. आकडे जुळतात का यापेक्षा त्यांचं गुणोत्तर स्थिर आहे का हे महत्त्वाचं. नेटवर्कचा आकडा नेहमी सव्वापट असतो आणि या महिन्यात अडीचपट झाला, तर जादा क्लिक यंत्रांचे धरायला हरकत नाही.

वरची संख्या गळत असेल: ट्रॅकिंगची तपासणी

पुरेसे खरे क्लिक आहेत आणि तरी विक्री शून्य किंवा अचानक निम्मी झाली, तर लिंक शेवटपर्यंत नीट पोचते का हे स्वतः पाहा. दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे.

१. ब्राउझरची खासगी विंडो उघडा, जाहिरात-रोधक बंद ठेवा. डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्कचा टॅब उघडून ‘प्रिझर्व्ह लॉग’ चालू करा, नाहीतर पान बदलताच आधीच्या नोंदी पुसल्या जातात.

२. स्वतःच्या लेखातली लिंक दाबा. नोंदींमध्ये क्रम दिसायला हवा: तुमचं पान, मग नेटवर्कचं डोमेन, मग विक्रेत्याचं पान. मधलं डोमेन गायब असेल तर लिंक चुकीची चिकटवली गेलीये, म्हणजे साधी लिंक टाकली आणि ट्रॅकिंगची राहिली.

३. शेवटच्या पानाच्या पत्त्यात क्लिकची खूण उरलीये का बघा. सीजेसाठी सीजेइव्हेंट, अविनसाठी एडब्ल्यूसी, इम्पॅक्टसाठी आयआरक्लिकआयडी, अमेझॉनसाठी टॅग या नावाचा भाग पत्त्यात असतो. नेटवर्कमधून निघताना खूण होती आणि शेवटी नाही, तर विक्रेत्याच्या साइटवर मध्येच एखादा रीडायरेक्ट तिला गाळतोय. जुन्या उत्पादनाचं पान नव्या पत्त्यावर वळवलं की हे फार होतं. तुमच्या बाजूने उपाय म्हणजे नव्या पत्त्यावर नव्याने डीप लिंक (थेट त्या वस्तूच्या पानावर नेणारी ट्रॅकिंगची लिंक) बनवणं.

४. हेच फोनवर करा, आणि विक्रेत्याचं अॅप असलेल्या फोनवर वेगळं करा. लिंक दाबताच अॅप उघडत असेल आणि त्या अॅपमध्ये अफिलिएट ट्रॅकिंग बसवलेलं नसेल, तर फोनवरची विक्री तुमच्या नावावर येणारच नाही. तुमचे बहुतेक वाचक फोनवर असतील तर ईपीसीचा मोठा भाग इथेच जातो.

५. वस्तू विक्रीला आहे का, आणि कंपनी अजून प्रोग्राममध्ये आहे का, हेही पाहून घ्या. कंपनीने प्रोग्राम बंद केला तरी जुनी लिंक बऱ्याचदा उघडते, क्लिकही होतात, कमिशन मात्र बंद झालेलं असतं. दर महिन्याला सर्वाधिक क्लिक मिळवणाऱ्या दहा लिंक अशा हाताने तपासल्या तरी पुरतं.

स्वतःच्या लिंकवरून खरेदी करून तपासायचा मोह आवरा. अमेझॉनसह अनेक प्रोग्राम त्याला मनाई करतात आणि खातं बंद होऊ शकतं. चाचणीची ऑर्डर प्रोग्रामच्या व्यवस्थापकाला करायला सांगा.

ब्राउझरमुळे होणारी गळती तुमच्या हाताबाहेर आहे, पण ती ओळखता आली पाहिजे. सफारीत २०१७ पासून ट्रॅकिंगवर मर्यादा आल्या आणि मार्च २०२० पासून तृतीय पक्षाच्या कुकी (उघडलेल्या साइटऐवजी दुसऱ्या डोमेनने ठेवलेल्या) पूर्ण बंद आहेत. फायरफॉक्सनेही सप्टेंबर २०१९ पासून ट्रॅकरच्या कुकी सगळ्यांसाठी मुळातच अडवल्या. म्हणून ईपीसी ब्राउझरनुसार किंवा निदान डिव्हाइसनुसार वेगळा करून बघा. आयफोनवरचा कन्व्हर्जन रेट बाकीच्या फोनच्या मानाने जवळपास नाहीच असं दिसलं, तर त्या विक्रेत्याचं ट्रॅकिंग अजून जुन्या कुकीवर अवलंबून असण्याची दाट शक्यता आहे. त्यांच्याकडे सर्व्हर-टू-सर्व्हर ट्रॅकिंग आहे का विचारा. त्यात क्लिकची खूण विक्रेत्याच्या सर्व्हरवर जपली जाते आणि विक्रीची नोंद तिथूनच नेटवर्ककडे जाते, तृतीय पक्षाच्या कुकीची गरज पडत नाही. नसेल तर त्याच वस्तूसाठी दुसरा प्रोग्राम शोधायला हे सबळ कारण आहे.

सगळं ठीक आहे, तरी सरासरी पडते

ट्रॅकिंग शाबूत, बॉट नाहीत, दर तेच, तरी ईपीसी खाली. मग वाहतुकीचं मिश्रण पाहा. पहिल्या महिन्यात शोधातून ८०० क्लिक आले, ईपीसी ०.३०, सोशल मीडियातून २०० क्लिक, ईपीसी ०.०५. एकूण कमाई २५० डॉलर, १,००० क्लिक, सरासरी ०.२५. दुसऱ्या महिन्यात शोधातून पुन्हा ८०० क्लिक पण ईपीसी ०.३१, आणि एक पोस्ट पसरल्यामुळे सोशल मीडियातून १,२०० क्लिक, ईपीसी ०.०६. एकूण कमाई ३२० डॉलर, २,००० क्लिक, सरासरी ०.१६.

दोन्ही स्रोत सुधारले, कमाई वाढली, आणि डॅशबोर्डवर ईपीसी मात्र ०.२५ वरून ०.१६ वर आलेला दिसतो. हे गणित एकदा स्वतः कागदावर करून पाहा, म्हणजे सरासरीकडे बघून घाबरणं कायमचं थांबेल.

हे वेगळं करून बघण्यासाठी सब-आयडी लागतो. लिंकच्या शेवटी जोडायचा हा छोटा मजकूर रिपोर्टमध्ये विक्रीसोबत परत येतो. सीजेवर त्याचं नाव एसआयडी, अविनवर क्लिकरेफ, राकुतेनवर यू१, इम्पॅक्टवर सबआयडी१. अमेझॉनवर त्यासाठी वेगवेगळे ट्रॅकिंग आयडी बनवावे लागतात. नाव ठेवताना तीनच गोष्टी घाला: लेखाचा क्रमांक, लिंकची जागा, स्रोत. उदाहरणार्थ ‘१२-तक्ता-शोध’ किंवा ‘१२-बटण-मेल’. प्रत्यक्ष लिंकमध्ये रोमन अक्षरं आणि आकडेच वापरा. वाचकाचं नाव किंवा ईमेल त्यात कधीही घालू नका, नेटवर्क ते चालवून घेत नाहीत. आणि पहिल्या दिवसापासून लावा, कारण सब-आयडीशिवाय गेलेला क्लिक नंतर कुठल्याच कप्प्यात टाकता येत नाही.

देशही असाच वेगळा काढायचा. विक्रेता ज्या देशात माल पाठवत नाही तिथल्या क्लिकचा ईपीसी शून्यच राहणार. अमेझॉनचं वनलिंक वाचकाला त्याच्या देशातल्या दुकानाकडे वळवतं. बाकीच्यांसाठी देशानुसार वेगळी लिंक देणारं साधन वापरावं लागतं.

ईपीसी पडणं नेहमीच वाईट नसतं

एका लेखाला १,००० वाचने मिळाली. तुलनेच्या शेवटी एकच बटण होतं, ४० क्लिक, ईपीसी ०.५०, कमाई २० डॉलर. मग वर तक्ता आणला, चित्रांनाही लिंक दिली. क्लिक ११० झाले, ईपीसी ०.२४ वर आला, कमाई २६.४० डॉलर. ईपीसी निम्म्याहून खाली गेला, लेख मात्र जास्त कमावतोय. म्हणून लेखात काही बदल केला की निवाडा दर हजार वाचनांमागच्या कमाईवर करा. ईपीसीचा उपयोग त्याच जागेवरच्या दोन लिंकांची तुलना करायला, दोन लेखांची नव्हे.

उलटही खरं आहे. नुसतं चित्र मोठं करून बघण्यासाठी दाबणारे, किंमत कळावी एवढ्यासाठीच जाणारे असे क्लिक वाढले आणि हजार वाचनांमागची कमाई तीच राहिली, तर ते क्लिक लेखातून वाचकाला उगाच बाहेर नेतायत. किंमत, मापं, कुणासाठी ही वस्तू योग्य नाही, हे सगळं लिंकच्या आधीच सांगा. क्लिक कमी होतील, जाणारा मात्र घ्यायच्या तयारीने जाईल.

नोंदलेलं आणि मंजूर झालेलं

विक्री नोंदली की कमिशन आधी प्रलंबित असतं. मालाच्या परतीची मुदत संपल्यावर, साधारण ३० ते ९० दिवसांनी, ते मंजूर किंवा रद्द होतं. म्हणून चालू महिन्याचा ईपीसी नेहमी थोडा फुगलेला असतो आणि तीन महिन्यांनी तोच आकडा उघडला तर कमी दिसतो. मंजुरीचं प्रमाण फक्त ज्या महिन्यांचे सगळे व्यवहार निकाली निघालेत त्यांच्यावरून काढा आणि चालू महिन्याच्या ईपीसीला त्याने गुणा.

रद्द होण्याचं प्रमाण एकदम वाढलं तर रिपोर्टमधलं कारण वाचा. ‘माल परत’ वाढला असेल तर लेखातलं वर्णन आणि वस्तू यांत अंतर आहे का ते पाहा. हे तुमच्या हातात आहे. ‘जुना ग्राहक’ असेल तर प्रोग्रामने फक्त नव्या ग्राहकांवर कमिशन देण्याची अट लावलीये. ‘दुसऱ्या माध्यमाला श्रेय’ असेल तर बहुधा खरेदीच्या शेवटच्या पायरीवर कूपनचं ब्राउझर एक्स्टेन्शन मध्ये येऊन शेवटचा क्लिक स्वतःच्या नावावर करतंय. विक्रेत्याच्या पेमेंटच्या पानावर कूपन कोडचा मोठा रकाना असेल तर ही गळती जास्त होते.

जाहिरात देऊन क्लिक आणत असाल तर

ईपीसी ०.५० आणि जाहिरातीचा क्लिक ०.२० ला मिळतोय, म्हणजे ०.३० नफा, असा हिशेब करून पैसे घालवणारे खूप आहेत. जाहिरातीचा क्लिक तुमच्या पानावर येतो, ईपीसी पानावरून पुढे जाणाऱ्या क्लिकचा आहे. आलेल्यांपैकी ३० टक्केच पुढे जात असतील, तर जाहिरातीच्या एका क्लिकमागची कमाई ०.५० गुणिले ०.३०, म्हणजे ०.१५. मंजुरी ८० टक्के धरली तर ०.१२. त्यासाठी ०.२० मोजले की प्रत्येक क्लिकला ०.०८ तोटा. शिवाय जाहिरातीचे पैसे आज जातात आणि कमिशन दोन-तीन महिन्यांनी येतं, म्हणजे तेवढ्या काळाचं भांडवल हाताशी लागतं. कंपनीच्या नावावर सर्च जाहिरात लावायला अनेक प्रोग्राममध्ये बंदी असते, ती अट आधी वाचा.

शेवटी प्रोग्राम बदलायचाच ठरला तर

आधी एक आणि नंतर दुसरा असं करू नका, मधल्या काळात हंगाम आणि वाचक दोन्ही बदलतात. एकाच जागेवर, एकाच काळात, निम्मे क्लिक एकीकडे आणि निम्मे दुसरीकडे पाठवा. लिंक सांभाळणारी बरीचशी प्लगइन हे करतात. दोन्हीकडे निदान ३० विक्री होईपर्यंत थांबा. त्यातही फरक दीडपटीहून कमी असेल तर निकाल लागला असं समजू नका, आणखी विक्री होऊ द्या. तुलना मंजूर कमिशनवरच करायची.

बदलण्याआधी व्यवस्थापकाला एक मेल जरूर पाठवा, कारण ट्रॅकिंगचे कित्येक दोष त्यांच्या बाजूचे असतात आणि त्यांना ते कुणी सांगितलेलेच नसतात. ‘माझी विक्री दिसत नाही’ एवढंच लिहिलं तर साचेबंद उत्तर येतं. मेलमध्ये हे द्या: चाचणी क्लिकची तारीख आणि वेळ, टाइमझोनसह, वापरलेली पूर्ण लिंक आणि सब-आयडी, शेवटच्या पानाचा पत्ता, क्लिकची खूण दिसत असेल तर तिच्यासकट, ब्राउझर आणि डिव्हाइस, घसरणीच्या आधीच्या आणि नंतरच्या ३० दिवसांचे क्लिक आणि ऑर्डर. मग तीन प्रश्न विचारा. ऑर्डर पूर्ण झाल्याच्या पानावर ट्रॅकिंग टॅग अजून चालू आहे का? पेमेंटची पायरी किंवा साइटचा साचा अलीकडे बदलला का? माझ्या लिंकवरून एक चाचणी ऑर्डर करून ती नोंदली जाते का, ते पाहाल का? साइट नव्या साच्यावर नेताना टॅग मागे राहून जाणं हे बऱ्याचदा आढळणारं कारण आहे, आणि घसरणीची तारीख नेमकी कळवलीत तर त्यांच्या तांत्रिक माणसाला ते शोधणं सोपं जातं.